आमची नोंद कोणाच्या वहीत?

'लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला?' हा प्रश्न आजकाल सर्रास विचारला जातो. आधारची झेरॉक्स मागणारा विचारतो, मोबाईलमध्ये ॲप टाकून देणारा विचारतो, भाड्याने खोली देणारा विचारतो. आणि आपल्या वस्तीतला माणूसही सहज म्हणून जातो, 'आपल्याकडे आहेच काय लपवायला? पत्र्याची खोली, चार भांडी आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.' जो मागेल त्याच्या हातात कागद देऊन तो मोकळा होतो. खाजगीपणा हा बंगल्यात राहणाऱ्यांचा चोचला आहे, गरिबाला आधी भाकरी हवी, अशी समजूत आपल्यातही खोल रुजली आहे.

हीच समजूत २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद म्हणून मांडली गेली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेला आव्हान दिले होते. त्या प्रकरणात भारतीय नागरिकाला खाजगीपणाचा मूलभूत हक्क आहे की नाही, हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की असा हक्क आहे. गरिबाला पोटाचीच चिंता असते, त्याला नागरी हक्कांचे काय, हा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळून लावला.

निकाल लागला, समजूत मात्र गेली नाही. म्हणून हा प्रश्न आपल्या बाजूने तपासून पाहिला पाहिजे. या देशात खाजगीपणाची गरज सर्वात जास्त कोणाला आहे? ज्याचे आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलतो, त्याला. ज्याची माहिती त्याच्याच विरुद्ध वापरण्याची हजारो वर्षांची परंपरा आहे, त्याला. बंगल्यातल्या माणसाला उंच कुंपण असते, दारावर पहारेकरी असतो. आपल्याला कायद्याशिवाय आणि संघटनेशिवाय दुसरे कुंपण नाही.

मसूर ते बडोदा

गावगाड्यात अस्पृश्याला खाजगी असे काही ठेवलेलेच नव्हते. घर गावकुसाबाहेर कोणत्या दिशेला असावे, अंगावर कोणते वस्त्र असावे, बाईच्या अंगावर कोणत्या धातूचा दागिना असावा, मुलाचे नाव काय ठेवावे, हे सारे दुसऱ्यांनी ठरवलेले. हेतू एकच, माणूस लांबून ओळखू यावा. त्याने तोंड उघडण्याआधीच त्याची सारी माहिती गावाकडे असे. गावाची माहिती विचारण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत सांगितलेला १९०१ चा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला लहानग्या भीमरावांनी खरे उत्तर दिले आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. तो मागे सरून निघून गेला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार झाला नाही. मुलांनाच ती हाकावी लागली. पोरांचा गुन्हा काय? विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी खरे उत्तर दिले.

सोळा वर्षांनंतर परदेशातील विद्यापीठांत शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले. राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात, वहीत पारशी नाव लिहून, त्यांना आसरा मिळाला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. वहीतले नाव खोटे आहे आणि माणूस अस्पृश्य आहे, एवढी बातमी फुटली होती. त्यांना खोली सोडावी लागली. ओळखीच्या दोन मित्रांनीही आसरा दिला नाही. कोलंबिया विद्यापीठाची पदवी त्या दिवशी कामी आली नाही.

या दोन्ही प्रसंगांत डोक्यावरचे छप्पर आणि रस्त्यावरची गाडी एका माहितीवर अवलंबून होती. ती माहिती कोणाला द्यायची, हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाकडे नव्हता. जातिव्यवस्थेला तुमची माहिती नुसती जाणून घ्यायची नसते. तिला त्या माहितीवरून तुमची जागा ठरवायची असते. खाजगीपणाचा प्रश्न आपल्याकडे इंटरनेटबरोबर आला असे जे समजतात, त्यांनी बडोद्याची ती वही डोळ्यांपुढे आणावी.

सरकारची हजेरी

गावाच्या वहीला पुढे सरकारची वही येऊन मिळाली. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या जमातीत जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. रजिस्टरमध्ये नाव, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची सोय केली. आपल्याकडे कैकाडी, कंजारभाट, रामोशी, पारधी अशा अनेक जमातींना हा जाच सोसावा लागला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. परंतु सराईत गुन्हेगारांसाठी निरनिराळ्या राज्यांनी केलेल्या कायद्यांतून तीच नजर शिल्लक राहिली. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर का जाते, याचे उत्तर त्या जुन्या रजिस्टरात आहे.

तुरुंगातसुद्धा जात सुटली नाही. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीप्रमाणे कामाची वाटणी होती; स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचे, हे जातीवरून ठरत होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या रजिस्टरमधील जातीचा रकानाच काढून टाकण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! हा निकाल चळवळीने जपून ठेवावा असा आहे. एक छापील रकाना माणसाच्या हातात झाडू देऊ शकतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओळखले.

घटना समितीत काय घडले?

खाजगीपणाचा हक्क ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे, असे म्हणणाऱ्यांनी घटना समितीचा इतिहास पाहावा. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम स्पष्ट आहे. नागरिकाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येणार नाही, जप्ती करता येणार नाही. सबळ कारण असल्याशिवाय आणि कोणती जागा, कोणती वस्तू हे नेमके नमूद केल्याशिवाय वॉरंट निघणार नाही. ज्या समाजाच्या झोपडीत कोणीही, केव्हाही शिरत होते, त्या समाजाच्या नेत्याने दाराला घटनेची कडी मागितली होती.

ते कलम अंतिम मसुद्यात आले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी याच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच असली तरी ती घटनेत घालणे इष्ट, म्हणजे कायदेमंडळाला ती सहजासहजी काढून टाकता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. परंतु सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे गेले आणि अखेर दुरुस्ती नामंजूर झाली.

याची किंमत पुढे मोजावी लागली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटले की घटनाकारांनी असा हक्क घटनेत घातलेला नाही, तर आम्ही तो कोठून आणणार? १९६२ च्या खरक सिंग प्रकरणात पोलिसांनी रात्री-अपरात्री घरात शिरून तपासणी करणे न्यायालयाने बेकायदा ठरवले, पण खाजगीपणाचा हक्क म्हणून मानला नाही. २०१७ च्या निकालाने या दोन्ही निकालांतील तो भाग रद्द केला. १९४८ मध्ये नाकारलेले कलम जवळजवळ सत्तर वर्षांनी न्यायालयाच्या दारातून घटनेत परत आले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

हा हक्क अमर्याद नाही. सरकार माहिती मागू शकते. परंतु तीन कसोट्या पार कराव्या लागतात. मागणीला कायद्याचा आधार हवा. उद्देश न्याय्य हवा. आणि उद्देशाला जेवढी लागते तेवढीच माहिती घेतली पाहिजे, जास्त नाही. या तीन कसोट्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात. तहसील कार्यालयापासून पोलीस ठाण्यापर्यंत त्या कामी येतील.

लपवणे की सांगणे?

येथे एक प्रश्न आपल्यातलेच अनेक जण विचारतील. आपण तर छाती पुढे काढून जयभीम म्हणणारी माणसे. आडनाव बदलून, फोटो आतल्या खोलीत लावून पांढरपेशा सोसायटीत दडून राहणाऱ्यांवर आपण टीका करतो. मग खाजगीपणाचा आग्रह म्हणजे जात लपवण्याला प्रमाणपत्रच नाही का?

नाही. १९१७ मध्ये बडोद्याच्या वहीत पारशी नाव लिहून राहणारे बाबासाहेब आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने बौद्ध झाल्याचे जाहीर करणारे बाबासाहेब एकच आहेत. बडोद्यात त्यांच्याबद्दलची माहिती दुसऱ्यांनी हिसकावून घेतली आणि तिचा दंडुका केला. नागपुरात त्यांनी स्वतः, स्वतःच्या इच्छेने, स्वतः निवडलेल्या दिवशी जगाला सांगितले की मी कोण आहे. आपण कोण ते स्वतः सांगणे हा स्वाभिमान आहे. ते वदवून घेतले जाणे हा अपमान आहे. ज्याला न सांगण्याचा हक्क आहे त्याच्याच सांगण्याला किंमत असते.

म्हणून जातीची नोंद सरसकट वाईट असेही मानू नये. जातीचा दाखला आपण देतो तो प्रतिनिधित्वासाठी. शिष्यवृत्ती, प्रवेश, राखीव जागा यांसाठी ही माहिती लागते आणि ती आपण हक्काने देतो. जनगणनेचेही तसेच. १९३१ नंतर प्रथमच २०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची मोजणी करण्याचे केंद्र सरकारने ठरवले आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार घराघरातून घेतलेली वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येत नाही आणि काही अपवाद वगळता ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती मिळालेल्या आहेत. तेव्हा धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात आपली अनुसूचित जात निर्भयपणे नोंदवावी. या मोजणीत आपले नाव आकड्यात विरघळते आणि समाजाचे बळ दिसते.

घरमालक विचारतो ते मात्र मोजणीसाठी नसते. 'आडनाव काय? मूळ गाव कुठले? नॉनव्हेज चालते का? देवघर कुठे लावणार?' हे चारही प्रश्न एकाच प्रश्नाची चार रूपे आहेत, हे शहरात खोली शोधलेल्या प्रत्येक समाजबांधवाला कळते. नोकरीतही तेच. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत कमी बोलावणी आली. पात्रता तीच, फक्त नाव वेगळे. असे असताना 'लपवायला काय आहे' म्हणणे ही भोळेपणाची चैन आपल्याला परवडणारी नाही.

लग्नाची वही, धर्मांतराची वही

जातिअंताचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात मांडले. आज एखाद्या जोडप्याला १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर काय करावे लागते? तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस विवाह अधिकारी एका वहीत नोंदवतो. ती वही कोणीही फुकट पाहू शकतो. शिवाय नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते. दोघांची नावे आणि पत्ते भिंतीवर! जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या पोरीचा जीव घेणारी कुटुंबे ज्या देशात आहेत, तेथे ही भिंत म्हणजे मारेकऱ्याला दिलेला पत्ता आहे. आपल्या जातीत, आपल्या धर्मपद्धतीने लग्न करणाऱ्याला अशी नोटीस लावावी लागत नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नये. परंतु कायद्यातील कलम अजून तसेच आहे.

महाराष्ट्रातही डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली होती. टीका झाली. काही दिवसांतच 'आंतरजातीय' हा शब्द वगळला गेला. आंतरधर्मीय विवाहांसाठी समिती कायम राहिली. आपले नाव वगळले म्हणून आपण समाधान मानायचे का? फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात प्रौढ स्त्री-पुरुषांच्या लग्नाची यादी सरकारने कशाला करावी, हा प्रश्न उरतोच.

धर्मांतराचेही तेच. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितले की हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जायचे असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात साठ दिवस आधी सूचना देण्याची अट आहे. माणसाने कोणाला शरण जावे हा त्याच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे. १९५६ च्या त्या दिवशी अशा वह्या असत्या तर लाखो माणसांची यादी कोणाच्या टेबलावर गेली असती, याचा विचार करावा.

नवा कायदा काय देतो, काय काढून घेतो?

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. माहिती घेताना कशासाठी घेतो हे सांगितले पाहिजे. ती सूचना मराठीतही मागता येते. दिलेली संमती मागे घेता येते. चुकीची माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेता येते. निष्काळजीपणाने माहिती फुटू देणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सारे चांगले आहे.

पण दोन गोष्टी चळवळीने नजरेआड करू नयेत. पहिली, न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात 'जात किंवा जमात' ही संवेदनशील माहिती मानली होती आणि तिला अधिक कडक संरक्षण होते. २०२३ च्या कायद्यात संवेदनशील माहिती हा प्रकारच उरला नाही. तुमची जात आणि तुमच्या कपड्याचे माप कायद्याच्या नजरेत सारखेच झाले. शिवाय केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार आहे. ज्याच्या वहीची सर्वात जास्त भीती, त्यालाच सूट!

दुसरी गोष्ट माहिती अधिकाराची. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद होतीच. परंतु सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागत असे. नव्या कायद्याने कलम ८(१)(ञ) मधील या अटी काढल्या आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता माहिती अधिकाऱ्याला 'वैयक्तिक' एवढा एक शब्द लिहून अर्ज फेटाळणे सोपे झाले आहे. बोगस जात प्रमाणपत्रावर कोण नोकरीला लागले, शिष्यवृत्तीचे पैसे कोणाच्या खात्यावर गेले, अनुशेष का भरला गेला नाही, हे आपण माहिती अधिकारातूनच बाहेर काढत आलो. झोपडीतल्या माणसाच्या दाराला कडी नाही, आणि साहेबाच्या फाईलीला कुलूप! खाजगीपणा हा दुर्बलाचा हक्क आहे. सत्तेचा कारभार उघडाच असला पाहिजे. मात्र कलम ८(२) अजून शिल्लक आहे. संरक्षित हितापेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते म्हणते. प्रत्येक अर्जात आणि अपिलात हे कलम नमूद करावे.

आपण काय करावे?

कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा काही कामे आजच करता येतात. वस्तीवस्तीत, विहाराविहारात ती सांगितली गेली पाहिजेत.

एक, कागद देताना कारण विचारावे. झेरॉक्सवर तारीख आणि 'अमुक कामासाठी' असे आडवे लिहून सही करावी. आधारचा पूर्ण क्रमांक लागत नसेल तेथे शेवटचे चारच आकडे दिसणारे 'मास्क्ड आधार' द्यावे. बोटांचे ठसे ऑनलाइन लॉक करून ठेवता येतात. आधारची मदतवाहिनी १९४७ आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळा प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले आहे. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे दाखवून द्यावे.

दोन, कर्ज देणारे ॲप. हातउसने मिळेना म्हणून आपल्या बाया-पोरे ही ॲप घेतात. हप्ता थकला की नातेवाइकांना फोन जातात, फोटो विद्रूप करून पाठवले जातात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितले आहे की कर्जाच्या ॲपला फोनमधील संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फोटो घेता येणार नाहीत. असे ॲप संपर्क यादी मागत असेल तर ते टाकूच नये. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

तीन, अत्याचाराची प्रकरणे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ(८) फार थोड्यांना माहीत आहे. साक्षीदारांची नावे व पत्ते आदेशात, निकालात आणि लोकांना पाहता येणाऱ्या नोंदींत येऊ नयेत, असे विशेष न्यायालय सांगू शकते. साक्षीदार फुटतात म्हणून आपण हळहळतो. गावातल्या एकट्या घराला नाव उघड होण्याची दहशत असते. पहिल्याच तारखेला वकिलामार्फत हा अर्ज द्यावा.

चार, आंदोलनातील अटक. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याखाली घेतलेले ठसे आणि मोजमापे ७५ वर्षे ठेवता येतात. परंतु पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला किंवा खटल्याविना सुटला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तेथे ती नोंद नष्ट करावी लागते. सुटका झाली की कार्यकर्ते हार-तुरे घालतात आणि घरी जातात. नोंद नष्ट केल्याचे लेखी उत्तर मागायचे मात्र राहून जाते.

पाच, आपल्या स्वतःच्या वह्या. हे सांगताना कोणाला राग आला तरी चालेल. अत्याचार झालेल्या मुलीचा फोटो, तिचे नाव, गाव सारे काही पहिल्या तासात आपल्याच व्हॉट्सॲप गटांवर फिरते. हेतू न्यायाचा असतो, पण लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि त्या मुलीला त्या फोटोसह पुढचे सारे आयुष्य काढायचे असते. शिबिरात वह्या वाटताना रांगेत उभ्या केलेल्या पोरांचे फोटो, वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत छापलेले मुलींचे फोन क्रमांक, विहाराच्या वर्गणीदारांची यादी, मोर्चाला येणाऱ्यांचे पत्ते, हे सारे कोणाच्या हाती पडते याचा हिशेब आपण ठेवतो का? सरकारकडून ज्या तीन कसोट्या मागतो, त्या आपल्या संघटनेलाही लावाव्यात. गरजेपुरतेच लिहावे, काम झाले की फाडून टाकावे आणि फोटो काढण्याआधी विचारावे.

आणि शेवटची मागणी राजकीय आहे. जातीला संवेदनशील माहितीचा दर्जा द्या, विशेष विवाह कायद्यातील नोटीस लावण्याची सक्ती काढा, धम्म स्वीकारण्यासाठी परवानगीची अट रद्द करा आणि माहिती अधिकारातील जनहिताची अट परत आणा. आपल्या मतांवर निवडून जाणाऱ्या प्रत्येक आमदार-खासदाराला या चार मागण्यांवर लेखी भूमिका विचारली पाहिजे. जो उत्तर टाळील, त्याचे नाव मात्र जरूर वहीत लिहून ठेवावे. ती वही आपली आहे आणि निवडणुकीच्या दिवशी उघडण्यासाठी आहे.

जयभीम!